फोटो बघायचा कसा, आणि "यात कसली आलीय कला?" हे विचारायचं कधी

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर गेरचे (म्हणजे आमच्या इंदूरची रंग उडवत निघणारी मिरवणूक) १४० फोटो येऊन पडले. मोजले मी, कारण फोनची मेमरी भरली. त्यातला एक भाच्याने काढलेला, राजवाड्यासमोर गुलालाचा नुसता ढग, त्यातून कुणाचा तरी वर केलेला हात आणि टँकरच्या पाइपाचं अर्धं तोंड, बाकी सगळं गुलाबी. खाली काकांनी लिहिलं, "अरे चेहरा कुठाय कुणाचा? आणि बटण दाबलं की फोटो निघतो, यात कसली आलीय कला." भाचा भडकला, त्याने तीन लांबलचक मेसेज टाकले, काकांनी हात जोडलेली इमोजी टाकली (आमच्या घरात त्याचा अर्थ 'विषय संपला' असा होतो), आणि मग दोघांनी वेगवेगळे फोन करून मला विचारलं की आता तूच सांग, कोण बरोबर.

मी अकाउंटंट बाई. जीएसटीच्या फायली घेऊन चकरा मारणं हा माझा धंदा, कॅमेऱ्याचा कोर्स वगैरे काही केलेला नाही. पण गेली दहाएक वर्षं फोटो बघायचा नाद लागलाय, म्हणजे काढायचा नाही, बघायचा, आणि बघता बघता एक पद्धत बसलीये तीच इथे सांगते. काकांचा प्रश्न चुकीचा नाहीये हे आधीच सांगून टाकते. फक्त तो पहिल्या सेकंदाला विचारला की काही हाती लागत नाही. फोटो नीट बघून झाला की मग विचारा, तेव्हा त्यात खरी मजा येते.

तर पहिलं काम, एकच फोटो निवडा. १४० नाही, एक. मोबाइलवर असेल तर पूर्ण स्क्रीनवर उघडा, ब्राइटनेस वाढवा, आणि घड्याळ लावून दोन मिनिटं बघा. दोन मिनिटं म्हणजे फार होतात हो, करून बघा, विसाव्या सेकंदाला अंगठा आपोआप सरकायला लागतो. अंगठा धरून ठेवायचा. आणि तोंडाने म्हणायचं काय काय दिसतंय ते, अगदी पंचनामा करतात तसं: एक हात, बाही वर सरकलेली, मनगटाला काळा दोरा, डावीकडे पाइप, पाइपातून अजून पाणी आलेलं नाही. 'सुंदर', 'अप्रतिम', 'क्या बात' हे शब्द या दोन मिनिटांत बंद, कारण ते तोंडातून निघाले की बघणं थांबतं असा माझा अनुभव आहे. भाच्याच्या त्या फोटोतला काळा दोरा मला चौथ्यांदा बघताना दिसला, आणि पाणी अजून आलेलं नाही हे तर त्याहून उशिरा, म्हणजे हा फोटो पाणी उडायच्या बरोबर आधीचा आहे, आता पुढच्या क्षणी हा हातवाला भिजणार आहे आणि त्याला ते माहीत आहे म्हणून तो हात वर आहे.

दुसरं काम, कडा बघा. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून इथे जरा जास्त बोलणार आहे.

चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक गोष्ट आणून ठेवतो. फोटोवाल्याचं उलटं असतं, त्याच्यापुढे अख्खं जग आधीच भरलेलं असतं आणि त्याला त्यातलं बहुतेक बाहेर ठेवायचं असतं. म्हणून फोटोच्या चारही कडांवरून बोट फिरवा, खरंच बोट फिरवा, आणि बघा कुठे काय कापलंय. अर्धा माणूस का ठेवला? पाय का कापले? वरती एवढं आकाश कशाला?

माझ्या आजीचा एक फोटो आहे. स्टुडिओतला, मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि न संपणारी बाग, तेव्हा सगळ्यांच्याच फोटोत असायची ती. आजी नऊवारीत, बाजूला लाकडी खुर्ची, खुर्चीत माझे बाबा, दोन वर्षांचे, भेदरलेले. कितीतरी वर्षं तो भिंतीवर होता आणि मी त्यात आजी आणि बाबा एवढंच बघितलं. एकदा फ्रेमची काच फुटली म्हणून बाहेर काढला तेव्हा दिसलं की डाव्या कडेला, खुर्चीच्या हातावर, चार बोटं आहेत. आजीची नाहीत, आजीचे दोन्ही हात समोर दिसतात. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "ती आत्या." आजीची नणंद, लहानपणीच विधवा झालेली, तिला फोटोत घ्यायचं नाही असं ठरलेलं, पण पोरगं तिच्याशिवाय एका जागी बसायचं नाही म्हणून ती चौकटीच्या बाहेर, खुर्चीला हात लावून उभी होती. तिचा दुसरा कुठलाच फोटो घरात नाही. ती चार बोटं, बस.

आता पुढचं ऐका. तो फोटो जुना झाला, डाग पडले, म्हणून मी एका स्टुडिओत स्कॅन करून साफ करायला दिला. आठ दिवसांनी घेतला तर एकदम चकाचक, डाग गेले, आजीच्या साडीला हिरवा रंग आला (साडी कुठल्या रंगाची होती ते घरात कुणालाच माहीत नाही, त्यांना कसं कळलं देव जाणे), आणि बोटंही गेली. "मॅडम, साइडला कुणाचा तरी हात येत होता, तो काढून टाकला, फ्री में." बिचाऱ्याने चांगल्या मनाने केलं होतं. मूळ प्रिंट माझ्याकडे होती म्हणून वाचले, पण त्या दिवसापासून मला कुठलाही फोटो दिसला की माझी नजर आधी कडेला जाते.

तिसरं, उजेड कुठून येतोय ते शोधा. सोपं आहे, सावल्या बघा, नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीये ते बघा. माणसाचा चेहरा असेल तर झूम करून डोळ्यातला चमकणारा ठिपका बघा, तो चौकोनी असेल तर बहुतेक खिडकी, गोल बांगडीसारखा असेल तर हल्ली रील्सवाले लावतात तो रिंग लाइट. एकदा हे बघायला लागलात की जाहिरातीतली 'सहज हसणारी' माणसं किती दिव्यांच्या मध्ये बसलेली असतात ते कळायला लागतं आणि मग जरा हसूच येतं.

चौथं, फोटो काढणारा कुठे उभा होता? हे तर स्वतः उभं राहूनच करा. राजवाड्याच्या समोर गेलात की बघा, सगळे एकाच जागी उभे राहून सात मजले कसेबसे फ्रेममध्ये कोंबतात, मोबाइल वर तिरका करतात, आणि मग राजवाडा मागे कलंडल्यासारखा येतो. चेहऱ्याचंही तसंच, फोनची नेहमीची लेन्स वाइड असते, ती जवळ नेली की नाक मोठं आणि कान गायब. दोन पावलं मागे जाऊन मग झूम केलं तर तोच माणूस वेगळा दिसतो. म्हणजे फोटोत एखादा माणूस रुबाबदार किंवा बावळट दिसत असेल तर त्यात त्याचा वाटा किती आणि कॅमेरा कमरेच्या उंचीला होता की डोक्याच्या वर याचा वाटा किती, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. निवडणुकीचे होर्डिंग बघा, नेत्यांचे फोटो बरेचदा जरा खालूनच काढलेले असतात.

इथे मला आपल्या इंदूरचाच माणूस आठवतो, म्हणजे जन्माने मेरठकडचा पण फोटोग्राफर झाला तो इथे. लाला दीनदयाळ. रुडकीला इंजिनिअरिंग शिकला आणि इंदूरला पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीला लागला, १८७४ च्या आसपास कॅमेरा हातात घेतला, तुकोजीराव होळकरांनी आणि सर हेन्री डेली या इंग्रज अधिकाऱ्याने (इंदूरच्या डेली कॉलेजवाले तेच) पाठीवर हात ठेवला, आणि पुढे निजामाच्या दरबारात जाऊन राजा दीनदयाळ झाला. त्याचे मध्य भारतातल्या किल्ल्यांचे, देवळांचे फोटो इंटरनेटवर सहज मिळतात, ते काढून बसा आणि हेच विचारा, हा उभा कुठे होता. नकाशे काढणाऱ्याचा डोळा आहे, इमारत कुठे कलंडत नाही, सरळ उभी राहते, आणि बरेचदा कोपऱ्यात एखादा माणूस असतो, त्याच्यामुळे कमान किती उंच आहे ते कळतं. आणि हे सगळं काचेच्या प्लेटांवर. तिपाई, मोठा लाकडी कॅमेरा, काचांच्या पेट्या, सगळं बैलगाडीच्या जमान्यात वाहून न्यायचं. एक काच म्हणजे एक फोटो. तो १४० काढून बघू आणि मग ठरवू असं करूच शकत नव्हता, ठरवायचं आधी आणि मग काच उघडायची. काका म्हणतात बटण दाबलं की झालं, तर त्या माणसाच्या कॅमेऱ्याला दाबायला धड बटणसुद्धा नसेल.

पाचवं, वेळ. फोटोत किती वेळ मावलाय? गेर यासाठी फार छान प्रयोगशाळा आहे. पुढच्या वर्षी फोनमध्ये प्रो मोड लावा (फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच न्या, माझा एक गेलाय) आणि एकदा शटर स्पीड १/१००० ठेवून काढा, एकदा १/१५ ठेवून, दिवसाउजेडी १/१५ ला फोटो सावलीतही पांढरा पडतो म्हणून सावलीत उभं राहून, आयएसओ सगळ्यात कमी ठेवून आणि लेन्सपुढे उजेड कमी करणारा गडद (एनडी) फिल्टर लावून. पहिल्यात पाण्याचा एकेक थेंब काचेच्या मण्यासारखा हवेत लटकलेला दिसेल, दुसऱ्यात तेच पाणी रेशमाच्या लडीसारखं होईल आणि नाचणारी माणसं पुसट भुतं होतील. दोन्ही खरं आहे आणि आपल्या डोळ्यांना यातलं एकही दिसत नाही. "कॅमेरा जे आहे तेच दाखवतो" असं कुणी म्हणालं की मी हे दोन फोटो पुढे करते.

सहावं पटकन सांगते, फोटोखालचं नाव आणि माहिती शेवटी वाचा. आधी वाचलं की आपण तेच बघतो जे लिहिलंय. 'एकाकीपणा' असं लिहिलं की बाकावर बसलेला कुठलाही म्हातारा एकाकी दिसतो, बिचारा पोहे खाऊन निवांत बसलेला असला तरी. (एक तक्रार नोंदवून ठेवते. फोटोच्या स्पर्धांमध्ये ब्लॅक अँड व्हाइट सुरकुतलेले म्हातारे आणि नाक वाहणारी गरीब पोरं, यांचा जो पूर आलेला असतो त्याचा मला मनापासून कंटाळा आहे. त्या म्हाताऱ्याला विचारलं होतं का फोटो काढू का म्हणून?)

एवढं झालं की दोन फोटो शेजारी ठेवून बघायची सवय लावा, एकट्यापेक्षा जोडीत जास्त कळतं. घरबसल्या करण्यासारखा एक धडा देते. आपले यशवंतराव होळकर, दुसरे, १९०८ चा जन्म, तरुणपणी युरोपात असताना तिथल्या नव्या कलेच्या लोकांमध्ये त्यांची ऊठबस होती. बुते द मॉन्व्हेल नावाच्या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन मोठी तैलचित्रं केली, एक विलायती इव्हिनिंग ड्रेसमध्ये आणि नंतरचं मराठी दरबारी पोशाखात, गळ्यात ते दोन प्रसिद्ध नासपतीच्या आकाराचे हिरे. आणि त्याच महाराजांचे आणि महाराणी संयोगिताबाईंचे फोटो काढले मॅन रे या अमेरिकन फोटोग्राफरने, पॅरिसमध्ये. तीनही शोधा, शेजारी लावा. चित्रात माणूस लांबट, गुळगुळीत, कुठेही घडी नाही, जणू त्याला कधी घाम येतच नाही, हिऱ्यांसकट सगळं जागच्या जागी. मॅन रेच्या फोटोंत मात्र एक तरुण नवरा-बायको आहेत, एकमेकांच्या जवळ, हातांचं काय करायचं हे जरासं न सुचलेले. माझं मत विचाराल तर चित्रात राजा जास्त आहे आणि फोटोत माणूस जास्त. तुम्हाला उलट वाटलं तर उत्तम, पण का वाटलं ते फोटोवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे, नुसतं 'मला असं फील झालं' चालणार नाही.

आता काकांचा प्रश्न. यात कसली आलीय कला?

पहिली गोष्ट, हा प्रश्न काकांनी शोधलेला नाही. फोटोग्राफी जगासमोर जाहीर झाली १८३९ मध्ये, आणि वीसच वर्षांनी, १८५९ मध्ये, बॉदलेअर नावाच्या फ्रेंच कवीने लिहून ठेवलं की या बाईने विज्ञानाची आणि कलेची मोलकरीण म्हणून राहावं, मालकीण व्हायला जाऊ नये, म्हणजे साधारण असा त्याचा सूर. यंत्र करतं, हात करत नाही, मग कला कशी? काकांचं म्हणणं अक्षरशः हेच आहे, मी त्यांना सांगितलं तेव्हा खूश झाले.

दुसरी गोष्ट मला आमच्या कामामुळे फार आवडते. १९२६ मध्ये ब्रांकुसी या शिल्पकाराचा एक ब्राँझचा 'पक्षी' न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. पक्षी म्हणजे काय, तर एक लांब, चकचकीत, वर निमुळता होत गेलेला आकार, पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. कायदा असा होता की मूळ शिल्प असेल तर कस्टम ड्यूटी शून्य. कस्टमवाल्यांनी बघितलं आणि म्हणाले हे शिल्प कसलं, आणि त्याला स्वयंपाकाची भांडी आणि हॉस्पिटलचं सामान या खात्यात टाकून ४० टक्के ड्यूटी लावली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एवढी हसले, कारण एखादी वस्तू कुठल्या हेडखाली टाकायची यावर आमची अर्धी भांडणं होतात. तर तो पक्षी ज्याने विकत घेतला होता तो एडवर्ड स्टाइकन, आणि तो कोण? फोटोग्राफर! मग कोर्टात केस, जजसाहेबांनी स्टाइकनला विचारलं की हा जंगलात दिसला असता तर गोळी झाडली असतीत का, तो म्हणाला नाही, आणि तरीही १९२८ मध्ये निकाल लागला की हे शिल्पच आहे, कारण ते एका व्यावसायिक शिल्पकाराने स्वतः घडवलंय, बघायला सुंदर आहे आणि दुसऱ्या कुठल्या उपयोगाचं नाही.

आणि त्याच पक्ष्याची भावंडं कुणी घेतली? आपल्याच यशवंतरावांनी. ब्राँझचा एक, आणि काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराचे दोन, त्यांच्यासाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचा बेत होता, त्यासाठी ब्रांकुसी १९३८ च्या सुमारास इथे येऊनही गेला, मंदिर काही झालं नाही. संगमरवराचे दोन्ही पक्षी आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या म्युझियममध्ये आहेत. आणि महाराजांचा माणिकबाग पॅलेस, जर्मन आर्किटेक्टने बांधलेला, तिथे आता काय आहे माहितीये? कस्टम आणि सेंट्रल एक्साइजचं ऑफिस. मी तिथे फायली घेऊन जाते. दर वेळी जिना चढताना तो पक्षी आठवतो.

हे सगळं सांगायचं कारण, तो निकाल वाचला की काकांच्या प्रश्नाचे तुकडे करता येतात. कुणी केलं? स्वतः केलं का? कशासाठी केलं? बघण्यापलीकडे त्याचा उपयोग काय? आता हे चार प्रश्न एकेका फोटोला लावून बघा, गंमत येते. पासपोर्ट फोटो: उपयोग आहे, बघायला भयंकर, कला नाही, सोपं. सीसीटीव्ही: काढणारा कोणीच नाही. इंदूरच्या सराफ्यात, रात्री खाऊगल्ली भरते तिथे, जिलेबीचा फोटो काढून टाकणारा: हेतू काय, तर भूक लावणं, मग जाहिरात झाली, पण वाफेत पलीकडचा हलवाई धूसर झालाय आणि त्याची दमलेली नजर मध्येच दिसते, तर? इथून वाद सुरू होतो आणि इथून वाद व्हायलाच पाहिजे.

'स्वतः हाताने केलं का' हा निकष मात्र फोटोला लावताना मोडतो, आणि तो मोडतो तिथे मला चिंचाळकर गुरुजी आठवतात. आपल्या इंदूरचे विष्णू चिंचाळकर, वाळलेलं पान, फांदी, टाकून दिलेली वस्तू उचलायचे, जराशी फिरवायचे, कुठे एखादी रेघ, आणि त्यातून चेहरा, पाखरू, गणपती दिसायला लागायचा. गुरुजींनी त्यात घडवलं किती? फार थोडं. बघितलं किती? सगळं बघणंच होतं. काका गुरुजींना खूप मानतात. मग मी म्हटलं, काका, फांदी न तासता नुसती फिरवून ठेवली तर ती कला, आणि भाचा गेरच्या गर्दीत तासभर उभा राहून एक हात आणि अर्धा पाइप एवढंच उचलतो, तर ते बटण दाबणं? काका म्हणाले, "पण पाइप अर्धा का कापला त्याने? पूर्ण घ्यायचा होता." मी काही बोलले नाही. काका कडा बघायला लागले होते.

याच्या उलट टोकाला जाऊन 'मग सगळीच कला' असंही म्हणू नका. मला ते आळशीपणाचं वाटतं. तसंच किंमत हाही पुरावा धरू नका. आंद्रेआस गुर्स्की नावाच्या जर्मन फोटोग्राफरचा ऱ्हाइन नदीचा फोटो २०११ मध्ये ४३ लाख डॉलरला गेला, हिरवं गवत, करडं पाणी, करडं आकाश, भिंतभर मोठा, बाकी काही नाही, आणि पलीकडच्या काठावरची इमारत त्याने कॉम्प्युटरवर पुसून टाकलेली. लोक एकतर 'एवढ्याला गेला म्हणजे भारीच असणार' म्हणतात नाहीतर 'लुटलं'. दोन्ही लोकांनी फोटो बघितलेला नसतो, आकडा बघितलेला असतो. मला स्वतःला तो आवडतो, पण एक प्रश्न कायम डोक्यात येतो: गुर्स्कीने इमारत पुसली ती कला आणि आमच्या स्टुडिओवाल्याने आत्याची बोटं पुसली तो घोटाळा, हा फरक नेमका कशात आहे? एकाने विचार करून पुसलं, दुसऱ्याने सवयीने? की एकाचा फोटो स्वतःचा होता आणि दुसऱ्याचा माझा? मला अजून पक्कं सांगता येत नाही, पण असा प्रश्न पडला की समजा फोटो बघणं चालू झालंय.

एआयचं पण विचारतील म्हणून थोडक्यात. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसन याने एआयने केलेलं चित्र सोनीच्या मोठ्या फोटो स्पर्धेत टाकलं, ते निवडलं गेलं, आणि मग त्यानेच बक्षीस नाकारलं, म्हणाला की हे आणि फोटो एका स्पर्धेत नकोत. मला पटलं. एआयचं चित्र कला असूही शकेल, पण फोटो नाही, कारण फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर काहीतरी असावं लागतं, त्यावरून उजेड निघून आत यावा लागतो. खुर्चीवर कुणीतरी खरंच हात ठेवावा लागतो.

आणि मग आजीचा तो फोटो कला आहे का? भाच्याने हे मला विचारलंच. तेव्हा फोटो काढणाऱ्याने बोटं मुद्दाम ठेवली, की त्याच्या लक्षातच आली नाहीत, की त्याला आत्याची दया आली, हे कळायला आता काहीच मार्ग नाही. मी म्हणते, काढताना ती कला नव्हती, धंदा होता, तीन प्रती आणि एक पुठ्ठा. पण प्रदर्शनात लावलेल्या कितीतरी फोटोंपेक्षा तो मला जास्त वेळ धरून ठेवतो. भाचा म्हणतो, मावशी मग तीच व्याख्या. मला एवढं सोपं वाटत नाही, आपल्या माणसाचा कुठलाही फोटो आपल्याला धरून ठेवतोच की. परक्या माणसाला धरून ठेवलं तर बोलू.

प्रदर्शन बघायला जाणार असाल तर, इंदूरच्या देवळालीकर कला वीथिकेत काही लागलेलं असलं की गर्दी नसेल अशा वेळी जा, उद्घाटनाच्या संध्याकाळी नको, तेव्हा लोक एकमेकांना बघतात. (ज्यांच्या नावाची ती गॅलरी आहे त्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन हे चित्रकार शिकले, हेही नव्या पोरांना माहीत नसतं.) आधी दारातून सगळी भिंत बघा आणि कुठला फोटो लांबून ओढतोय तिकडे जा, मग इतकं जवळ जा की कागदाचा पोत दिसेल, मग परत मागे या. सगळे बघायची सक्ती नाही. चाळीसपैकी तीन बघितलेत तरी बास, आणि घरी येऊन त्यातल्या एकाबद्दल एक वाक्य वहीत लिहा, फोन न बघता. जे आठवत नाही ते तुम्ही बघितलंच नव्हतं.

शेवटचं काम जरा खर्चाचं आहे पण फार नाही. तुमच्या फोनमधल्या हजारो फोटोंमधून यंदाचे बारा निवडा आणि प्रिंट काढा, पोस्टकार्ड साइजच्या. बाराच. निवडताना जी मारामारी होते ना, हा ठेवू की तो, याचं कारण काय, त्यात वरचे सगळे धडे एकदम होतात. मागे पेन्सिलने तारीख, जागा आणि माणसांची नावं लिहा, बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढे उमटतो. त्यातला एखादा फ्रेम करायचा असेल तर फ्रेमवाल्याला तीन गोष्टी सांगा: फोटो फेविकॉलने चिकटवू नको, काच फोटोला टेकू देऊ नको, मध्ये माउंटचा पुठ्ठा घाल, आणि फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कडा कापू नको, फ्रेम मोठी कर. तो म्हणेल, मॅडम, साइडला तर काहीच नाहीये. तरी कापू देऊ नका.